वृद्धांची शुश्रूषा : कुटुंबाचे कर्तव्य की शासनाची जबाबदारी? (हरसूल परिसराच्या संदर्भात)

नाशिक जिल्ह्याच्या त्र्यंबकेश्वर तालुक्यातील हरसूल हे कोकणा, महादेव कोळी, वारली या जमातींच्या पाड्यांनी वेढलेले बाजाराचे गाव होय. पूर्वी ते पेठ संस्थानात मोडत असे. १८७८ मध्ये संस्थान खालसा झाले व हा मुलूख प्रत्यक्ष ब्रिटिश अमलाखाली आला. वृद्ध व अपंगांना सांभाळावयाचे कोणी, या प्रश्नाचे शासकीय उत्तर साधारणतः त्याच काळात आकारास आले.

१८८० च्या दुष्काळ आयोगाचा कल असा होता की, येथील समाज आपल्या दुर्बळांना स्वतःच पोसतो. सबब इंग्लंडप्रमाणे कायमस्वरूपी दारिद्र्य-कायद्याची येथे गरज नाही. त्यानंतरच्या दुष्काळ संहितांत कामास असमर्थ असणाऱ्यांना विनाश्रम मदत देण्याची तरतूद झाली. मात्र ज्यांना सांभाळण्यास रूढीने बांधलेला व समर्थ असा नातलग नाही, अशांनाच. कुटुंब आधी, सरकार नंतर, तेही संकटापुरते, हे सूत्र या एका अटीत सामावलेले आहे. कुटुंबसंस्थेच्या या गौरवात तिजोरीची काटकसरही होती, हे नजरेआड करता येत नाही.

स्वातंत्र्यानंतर सूत्र बदलले नाही, त्याला कायद्याचे बळ मिळाले. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत पोटगीचा हक्क पत्नी व अपत्यांपुरताच होता. १९७३ च्या संहितेने कलम १२५ अन्वये तो आईवडिलांनाही दिला. कल्याण येथील डॉ. विजया अरबट यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये विवाहित मुलीवरही ही जबाबदारी असल्याचे ठरविले. दुसरीकडे १९८० मध्ये राज्यात संजय गांधी निराधार अनुदान योजना आली. १९९५ च्या राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतन योजनेत केंद्राने ६५ वर्षांवरील निराधारांना दरमहा ७५ रुपये देऊ केले. तेथेही कुटुंबाचा आधार नसणे ही पात्रतेची खूण होती. राज्याने पुढे आपल्या निवृत्तिवेतन योजनेस श्रावणबाळाचे नाव दिले. आंधळ्या मातापित्यांची कावड वाहणाऱ्या पुत्राची भूमिका शासन स्वतःकडे घेत असल्याचे सुचविणारे हे नाव लोकमानसाची नेमकी जाण दाखविते. परंतु २००७ च्या ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण कायद्याने तीच कावड पुन्हा मुलांच्या खांद्यावर ठेवली. महाराष्ट्रात २००९ पासून लागू झालेल्या या कायद्यान्वये उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणास दरमहा १० हजार रुपयांपर्यंत निर्वाहभत्ता ठरविता येतो.

या सर्व तरतुदी दोनच प्रकारच्या वृद्धांची कल्पना करतात : ज्यांना कोणी नाही ते, आणि ज्यांना मुलांनी टाकले ते. हरसूल परिसरातील वृद्ध बहुधा तिसऱ्या प्रकारात मोडतात. भात, नागली व वरईचा हंगाम आटोपला की कर्ती माणसे द्राक्षबागांच्या व बांधकामाच्या मजुरीसाठी नाशिक, दिंडोरी, निफाडकडे जातात. घरी म्हातारी माणसे, गुरे आणि पुष्कळदा नातवंडे राहतात. येथे मुलाने आईस टाकलेले नसते, तो तिच्यासह सर्वांच्या पोटासाठीच गेलेला असतो. त्याच्याविरुद्ध अर्ज तरी कोणत्या तोंडाने करावा? मुलगा सांभाळीत नाही असे म्हणणे म्हणजे घराची अब्रू वेशीवर टांगणे, ही समजूत पाड्यांवर दृढ आहे. आणि ती केवळ अज्ञानातून आलेली आहे, असे मानणे अन्यायाचे ठरेल.

शिवाय कायदा पैशाचे मोजमाप करतो, हातांचे नाही. आंघोळ घालणे, भाकरी करून देणे, रात्री उठविणे ही कामे सुनेने करावयाची असतात, असे समाज गृहीत धरतो. सून बागेत मजुरीस गेल्यावर ती कोणी करावीत, याचा उल्लेख कोणत्याही योजनेत नाही. अनुदानाची रक्कम २०२३ मध्ये दरमहा १५०० रुपये झाली, ही वाढ मोलाची खरीच. परंतु विहिरीवरून हंडा तिने येत नाही.

मुलांच्या बाबतीत शासनाने निराळा विचार केला होता. दुर्गम पाडे आणि पालकांची वणवण लक्षात घेऊन सत्तरच्या दशकापासून आदिवासी भागात शासकीय आश्रमशाळांचे जाळे विणले गेले. निवास व भोजनाची ही जबाबदारी घेताना मुलांना आईबापांनी टाकले आहे काय, असे कोणी विचारले नाही. त्याच घरातील आजीसाठी मात्र ही अट १८८० पासून कोणत्या ना कोणत्या रूपात चालत आली आहे.