कुलाब्यानं १९५७ ला काँग्रेसला का पाडलं?

हा भाग ज्यांना कानात घालून ऐकायचा नाही, लोकलमध्ये उभं राहून वाचायचा आहे, त्यांच्यासाठी हे लिखित रूप. रेकॉर्डिंग कर्जतला केलंय, त्यामुळे मूळ ऑडिओत मधूनमधून गाडीचा भोंगा आहे. तो इथे नाही, तेवढंच सुख.

मागच्या भागानंतर एका श्रोत्याने विचारलं, "दादा, अमेरिकेत त्या प्रायमरीमध्ये लोक भल्याभल्यांना तोंडघशी पाडतात. तसं आपल्याकडे कधी झालंय का?" प्रायमरी म्हणजे काय, तर पक्षाचा अध्यक्षपदाचा उमेदवार ठरवायला आधी राज्याराज्यांत होणारं मतदान. त्यात न्यू हॅम्पशायर हे छोटंसं राज्य सुरुवातीला असतं. मार्च १९५२ मध्ये तिथे खुद्द राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांना त्यांच्याच पक्षाच्या केफॉवर नावाच्या सिनेटरने हरवलं. महिना संपायच्या आत ट्रुमन यांनी जाहीर केलं, मी पुन्हा उभा राहणार नाही.

तर आपल्याकडे झालंय का? झालंय. आणि लांब जायला नको, आपल्याच जिल्ह्यात झालंय. रायगड जिल्ह्याचं नाव तेव्हा कुलाबा होतं. कर्जत, खालापूर त्यातच. स्वातंत्र्यानंतरची दुसरी सार्वत्रिक निवडणूक, १९५७.

आधी १९५२ बघू. पहिली निवडणूक, काँग्रेसची लाट. कुलाब्यातून लोकसभेवर निवडून गेले चिंतामणराव देशमुख. महाडजवळच्या नाते गावात जन्मलेले, रोह्याशी घरोबा असलेले, आयसीएस, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि तेव्हा देशाचे अर्थमंत्री. असा माणूस जिल्ह्याला मिळाल्यावर कुलाबा म्हणजे काँग्रेसची हक्काची जागा, हे कोणीही म्हटलं असतं.

पाच वर्षांनी त्याच कुलाब्याने शेतकरी कामगार पक्षाचे राजाराम बाळकृष्ण राऊत यांना दिल्लीला पाठवलं.

मधल्या काळात काय झालं, हे शाळेत आपण 'संयुक्त महाराष्ट्राचा लढा' या एका धड्यात उरकतो. भाषावार राज्यं करायची ठरली, पण मुंबई महाराष्ट्राला द्यायची नाही असा दिल्लीचा कल होता. जानेवारी १९५६ मध्ये नेहरूंनी मुंबई केंद्रशासित करण्याचं जाहीर केलं. मुंबई पेटली, पोलिसांनी गोळ्या चालवल्या, आणि त्या सगळ्या आंदोलनात शंभरावर माणसं गेली. चिंतामणरावांनी जुलै १९५६ मध्ये अर्थमंत्रीपद सोडलं. निर्णय ज्या पद्धतीने घेतला गेला त्यावर आणि गोळीबाराची चौकशी नाकारण्यावर ते लोकसभेत उघड बोलले. कुलाब्याचा खासदारच दिल्लीच्या तोंडावर राजीनामा ठेवून बाहेर पडला, याचा जिल्ह्यावर काय परिणाम झाला असेल, विचार करा.

पण इथे एक गोम आहे, आणि ती मला बरीच वर्षं कळली नव्हती. निवडणूक झाली तेव्हा मुंबई केंद्रशासित नव्हतीच! १ नोव्हेंबर १९५६ पासून मोठं द्वैभाषिक राज्य आलं होतं. गुजरात, विदर्भ, मराठवाडा, मुंबई सगळं एकत्र, आणि मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण, म्हणजे मराठी माणूस. काँग्रेसवाले म्हणू शकत होते, मुंबई तुमच्याच राज्यात आहे, आता भांडण कसलं? शिवाय समोर संयुक्त महाराष्ट्र समिती होती, ती म्हणजे सगळी खिचडी. कम्युनिस्ट, प्रजा समाजवादी, शेकाप, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन, जनसंघ. ही मंडळी एका पंगतीला किती वेळ बसणार, अशी शंका घेणं चुकीचं नव्हतं.

आणि काँग्रेसकडे कामंही होती दाखवायला. खोती रद्द करण्याचा कायदा १९४९ चा. कुळकायदा १९४८ चा, त्याची मोठी दुरुस्ती १९५६ ची, आणि १ एप्रिल १९५७ हा 'कृषक दिन', म्हणजे कसणारा कूळ जमिनीचा मालक होणार तो दिवस. मतदान त्याच्या काही आठवडे आधी, फेब्रुवारी-मार्चमध्ये. आजच्या भाषेत सांगायचं तर यापेक्षा चांगलं टायमिंग कुठल्या पक्षाला मिळणार?

मग कुळांनी कृतज्ञता का नाही दाखवली?

माझं मत असं, की कुलाब्यातल्या कुळाला हा कायदा कोणी 'दिला' असं वाटतच नव्हतं. अलिबागजवळच्या चरी गावात १९३३ मध्ये खोतांविरुद्ध संप सुरू झाला आणि तो १९३९ पर्यंत चालला. इतकी वर्षं जमिनी पडीक ठेवून माणसं जगली, लाकडं तोडून विकली, पण खोताचं शेत कसलं नाही. नारायण नागू पाटील त्यांचे पुढारी. डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई कायदेमंडळात खोती रद्द करायचं विधेयक मांडलं आणि पुढच्या जानेवारीत शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईला गेला. शेकाप इथे रुजला तो या जमिनीत. कायद्यावर सही काँग्रेस सरकारची होती, पण घाम कोणाचा हे गावाला माहीत होतं. त्यात कायदा येतोय म्हटल्यावर मालकांनी कुळांकडून 'राजीखुशीने' जमीन सोडल्याचे कागद करून घेतले, हेही मुंबई राज्यात भरपूर झालं. ज्याचा अंगठा तसा घेतला गेला, त्याला कृषक दिनाचं काय कौतुक!

आता आपल्या बाजूला या. कर्जत-खालापूरचं मुंबईशी नातं भाषेच्या आधी पोटाचं आहे. खोपोलीपर्यंत रेल्वे १८५६ सालीच आली, घाटातून पुण्याकडे जायच्याही आधी. खोपोलीचं टाटांचं वीजघर १९१५ चं. घाटावरच्या तलावांचं पाणी खाली आणून वीज करायची आणि ती तारांवरून मुंबईच्या गिरण्यांना पाठवायची. म्हणजे गिरणीतला मागही आपल्या डोंगराच्या पाण्यावर फिरत होता आणि मागावर उभा माणूसही कोकणातला. माथेरानचे भाई कोतवाल आणि त्यांच्या आझाद दस्त्याने १९४२ मध्ये नेमके विजेचे मनोरे पाडले ते यासाठीच. इथली तार तुटली की मुंबई अडते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडच्या जंगलात ते आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. त्यानंतर जेमतेम तेरा वर्षांत, स्वतःच्या सरकारच्या काळात, मुंबईत पुन्हा गोळीबार. ज्यांनी पहिला बघितला होता ते मतदार होते, म्हातारे झाले नव्हते.

माझी आजी खोपोलीच्या खालच्या अंगाच्या एका गावातली. तिचा भाऊ परळला गिरणीत. तिला उमेदवाराचं नाव शेवटपर्यंत आठवलं नाही. मी कॉलेजात असताना मोठ्या हुशारीने तिला म्हणालो, "अगं पण तेव्हा मुंबई आपल्याच राज्यात होती ना?" ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "होती की. पण दिली नव्हती रे, बांधून घातली होती."

द्वैभाषिकाचं इतकं नेमकं वर्णन मी नंतर कुठल्या पुस्तकात वाचलं नाही.

तिने मतदान कसं केलं तेही ऐका, कारण ते आजच्यासारखं नव्हतं. १९५२ आणि १९५७ ला प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असायची आणि पेटीवर चिन्ह. काँग्रेसची बैलजोडी. शिक्का मारायचा नाही. हातात कोरी मतपत्रिका घेऊन पडद्यामागे जायचं आणि हवी त्या पेटीत टाकायची. या पद्धतीत खोटही होती, कागद पेटीत न टाकता बाहेर आणून विकताही यायचा. पण आजीच्या दृष्टीने महत्त्वाचं काय, तर पडद्यामागे ती एकटी होती. गावच्या मालकाचा माणूस आदल्या दिवशी बैलजोडीचं सांगून गेला होता. आजोबांनी मान डोलावली होती. "मान तर मीपण डोलावली," आजी म्हणायची.

मला वाटतं अंदाज चुकतात ते इथे. डोलावलेल्या माना मोजल्या जातात. मीही मागे एका निवडणुकीत नाक्यावरच्या गप्पांवरून छातीठोक आकडे सांगितले होते आणि तोंडावर आपटलो होतो, जुन्या श्रोत्यांना आठवत असेल. कृपया आठवू नका.

निकाल लागला तेव्हा फक्त कुलाबा नव्हे, कोकण आणि पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची दाणादाण उडाली. यशवंतराव कराडमधून कसेबसे आले. रत्नागिरीतून लोकसभेवर समितीच्या पाठिंब्याने गेले जनसंघाचे प्रेमजीभाई आसर, गुजराती! हा लढा गुजराती माणसाविरुद्ध होता असं जे म्हणतात, त्यांना हे नाव जरूर सांगा. सरकार मात्र काँग्रेसचंच आलं, ३९६ पैकी २३४ जागांनिशी, कारण राज्याच्या बाकीच्या भागांनी हात दिला. पण मराठी मुलखाचा मोठा तुकडा विरोधात ठेवून ते राज्य किती चालणार होतं? १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला.

आणि १९६२ ला कुलाब्याने काय केलं? पुन्हा काँग्रेसचा खासदार निवडून दिला, भास्कर नारायण दिघे. समितीवाल्यांना ही बेइमानी वाटली असेल. पण मत समितीला दिलं होतं की मुंबईला?

हे मी आजीला विचारलं होतं, की बासष्टला तू कोणाला दिलंस. ती म्हणाली, तेव्हा पेट्या गेल्या होत्या, कागदावर शिक्का मारायचा होता. मी म्हटलं, ते राहू दे, शिक्का कशावर मारलास ते सांग.

तिने सूप उचललं आणि आत गेली.