खंड्या, वाघ्या आणि इमानाचे ऋण

श्वानाच्या स्वामिनिष्ठेविषयी आपल्याकडे कथा विपुल आहेत. लेखी आधार मात्र थोड्यांनाच आहे. पेढीवर वाढलेल्या माणसाला जमा काय आणि नावे काय हे पाहिल्यावाचून चैन पडत नाही. म्हणून या लेखात महाराष्ट्रातील दोन प्रसिद्ध श्वानांची खाती उघडून पाहण्याचे योजिले आहे.

साताऱ्यानजीक कृष्णा व वेण्णा या नद्यांचा संगम आहे. तेथे संगम माहुली येथे छत्रपती शाहू महाराजांची समाधी आहे आणि त्याच परिसरात त्यांच्या लाडक्या कुत्र्याचेही स्मारक आहे. लोक त्याला खंड्या म्हणतात. शाहू महाराज १६८९ पासून १७०७ पर्यंत मोगलांच्या कैदेत होते. १७०८ मध्ये साताऱ्यास त्यांचा राज्याभिषेक झाला आणि १५ डिसेंबर १७४९ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांना शिकारीचा व कुत्र्यांचा मोठा नाद होता. वाघाच्या एका शिकारीत या कुत्र्याने त्यांचे प्राण वाचविले. १८१८ नंतर साताऱ्यास इंग्रजांचा अधिकारी म्हणून राहिलेल्या ग्रँट डफने आपल्या १८२६ च्या मराठ्यांच्या इतिहासात हे नमूद केले आहे.

डफ पुढे लिहितो की महाराजांना काही काळ चित्तभ्रम झाला. त्या अवस्थेत त्यांनी कुत्र्याला जरीची वस्त्रे व जडजवाहीर घातले आणि स्वतःची पगडी त्याच्या मस्तकी ठेवली. बरे झाल्यावरही त्यांनी पुन्हा कधी शिरोभूषण धारण केले नाही. कुत्र्याच्या नावे जहागिरीची सनद दिली, पालखीचा मान दिला आणि त्या पालखीचा सरंजामही चालू राहिला. डफला हा सारा लहरीपणा वाटतो. मला तसे वाटत नाही. बुद्धी ढळली असतानाही आपण कोणाचे देणे लागतो हे ज्याच्या स्मरणात राहिले, त्याला लहरी कसे म्हणावे? सरदारांना त्या पालखीपुढे वाट देताना काय वाटत असेल, तो भाग निराळा.

रायगडावरील वाघ्याचे खाते असे सरळ नाही. ३ एप्रिल १६८० रोजी शिवछत्रपतींचे निधन झाले आणि त्यांच्या चितेत वाघ्याने उडी घेतली, अशी कथा आहे. समकालीन साधनांत तिला आधार मिळत नाही. राम गणेश गडकरी १९१९ मध्ये निवर्तले. त्यांच्या अपूर्ण राहिलेल्या ‘राजसंन्यास’ नाटकाने वाघ्याचे नाव घरोघरी पोहोचले. समाधीशेजारी १९३६ मध्ये त्याचा पुतळा उभा राहिला. ऑगस्ट २०१२ मध्ये आंदोलकांनी तो हटविला आणि काही दिवसांतच तो पुन्हा बसविण्यात आला. २०२५ मध्ये संभाजीराजे छत्रपती यांनी तो काढण्याची मागणी केल्यावर वाद पुन्हा पेटला. इतिहास म्हणून ही नोंद खरी धरता येत नाही, असे माझे मत आहे. मात्र तीन पिढ्यांनी त्या चौथऱ्यापुढे हात जोडले, हाही आता इतिहासाचाच भाग झाला आहे.

याहून फार जुनी नोंद कर्नाटकातील आतकूर येथील शिलालेखात आहे. राष्ट्रकूट सम्राट तिसरा कृष्ण याच्या काळातील, इसवी सन ९४९-५० चा हा लेख होय. तक्कोलमच्या युद्धातील पराक्रमाबद्दल गंग राजा बूतुगाने मणलेर नामक वीराला हवे ते माग म्हटले, तेव्हा त्याने ‘काळी’ नावाची कुत्री मागून घेतली. पुढे ती रानडुकराशी झुंजली आणि दोघेही मेले. तिच्या स्मरणार्थ शिळा उभारून पूजेसाठी जमीन लावून देण्यात आली.

आपल्या वाचकांना येथे एक गोष्ट खटकेल आणि ती खटकावी. खंड्या काय, काळी काय, दोघांचे इमान शिकारीत कामी आले. हिंसा धन्याची आणि प्राण पणाला लागले मुक्या जिवाचे. शिळेवर कुत्र्याचे शौर्य कोरले जाते. त्याला त्या रानात कोणी नेले हा प्रश्न कोणी कोरत नाही.

धनी नसलेल्या कुत्र्यासाठी माणसे उभी राहिल्याचे उदाहरण मात्र आपल्या मुंबईतच घडले. कंपनी सरकारने भटकी कुत्री मारण्यासाठी दर कुत्र्यामागे बक्षीस लावले होते. जून १८३२ मध्ये पोलीस शिपाई कुत्री मारू लागले, तेव्हा कोटातील पारशी समाज खवळला. त्यांच्या धर्मात कुत्र्याचे स्थान पवित्र असून अंत्यविधीतही त्याची दृष्टी मृतदेहावर पाडतात. हिंदू व जैनही त्यांच्यासह आले, दुकाने बंद झाली आणि अखेर लष्कर बोलवावे लागले. दंगा मोडला, पण प्रश्न उरला की कुत्री मारायची नाहीत तर ठेवायची कोठे? त्यातून १८३४ मध्ये जमशेटजी जीजीभॉय आणि शेठ मोतीशा, म्हणजेच मोतीचंद अमीचंद, यांच्या पुढाकाराने मुंबईचा पांजरापोळ स्थापन झाला. एक पारशी, दुसरे जैन. व्यापाऱ्यांनी खर्चासाठी आपल्याच मालावर धर्मादाय आकारणी बसवून घेतली. कापड बाजारापासून चार पावलांवर, भुलेश्वरला, तो पांजरापोळ आजही आहे. खरेदीला जाणाऱ्या आपल्यापैकी कित्येकांची त्या वाटेने रोजची ये-जा असते.