आजीची फणी आणि वर्सोव्याची कासवे

माझ्या आजीच्या फणेरपेटीत ढगाळ, तपकिरी रंगाची एक फणी होती. ती कासवाच्या पाठीची आहे, असे आजी मोठ्या तोऱ्याने सांगे. ती सेल्युलॉइडची होती, हे आम्हांला आजी गेल्यावर कळले. बरेच झाले म्हणायचे! पण त्या नकली फणीमागे मोठा इतिहास आहे, वाचकहो.

एकोणिसाव्या शतकात साहेबलोकांच्या बिलियर्डचे चेंडू हस्तिदंताचे असत आणि त्यांपायी हत्तींचा संहार चाले. १८६३ साली न्यूयॉर्कच्या एका व्यापाऱ्याने हस्तिदंताला पर्याय शोधणाऱ्यास दहा हजार डॉलरांचे बक्षीस लावले. ऑल्बनीच्या जॉन वेस्ली हायट नावाच्या मुद्रकाने ते मनावर घेतले. नत्राम्लात मुरवलेला कापूस आणि आपल्या देवघरातला कापूर यांच्या संयोगातून त्याने सेल्युलॉइड सिद्ध केले. १८७० साली त्याचे पेटंट मिळाले. चेंडू म्हणावे तसे वठले नाहीत. फण्या मात्र घरोघर गेल्या. आता हत्तीला आणि कासवाला अभय मिळाले, अशी जाहिरात कारखानदारांनी केली. तीत खोटे फारसे नव्हते. आपल्या दादासाहेब फाळक्यांचा १९१३चा ‘राजा हरिश्चंद्र’ अशाच सेल्युलॉइडच्या फितीवर उतरला.

पुढे १९३३ साली इंग्लंडातल्या एका प्रयोगशाळेत, भलताच प्रयोग चालू असताना, भांड्याच्या तळाशी मेणासारखा पांढरा पदार्थ सापडला. तेच पॉलिथिन. महायुद्धात ते रडारच्या तारांना उपयोगी पडले. १९६५ साली स्टेन थुलिन या स्वीडिश गृहस्थाच्या पिशवीचे पेटंट झाले. कागदासाठी झाडे तुटू नयेत, हा वडिलांचा हेतू होता, असे त्याचा मुलगा सांगतो. लोक ती पिशवी घडी करून खिशात ठेवतील आणि पुन्हापुन्हा वापरतील, अशी थुलिनची समजूत होती. बिचाऱ्याने आमचा बाजार पाहिला नव्हता!

घडी कोणी घातली नाही. १९७२ सालीच सारगासो समुद्रात तरंगणाऱ्या प्लास्टिकच्या कणांची नोंद शास्त्रज्ञांनी केली. पाण्यात झुलणारी पिशवी कासवाला जेलीफिशसारखी दिसते. ते ती गिळते आणि आतडे तुंबून मरते. ज्याच्या पाठीला अभय मिळाले, त्याच्या पोटात मरण गेले.

मुंबईच्या वर्सोव्याला हा कचरा वाळू दिसू नये इतका साचला होता. ऑक्टोबर २०१५मध्ये अफरोज शाह हे तरुण वकील आणि त्यांच्या शेजारचे चौऱ्याऐंशी वर्षांचे गृहस्थ, असे दोघेच हातमोजे घालून किनाऱ्यावर उतरले. लोक आधी हसले. मग दर आठवड्याला कोळी आले, शाळकरी पोरे आली, नटनट्याही आल्या. आज उचलावे आणि उद्याच्या भरतीने पुन्हा आणून टाकावे, असा तो खेळ! सगळा कचरा काही समुद्राचा नव्हता. नाल्यांतून आपणच तो धाडत होतो. २०१७च्या नोव्हेंबरात वैतागून काम थांबलेही, आणि पुन्हा सुरू झाले. शासनाची प्लास्टिकबंदी आली ती २०१८च्या मार्चात.

त्याच महिन्यात, सुमारे वीस वर्षांनी, वर्सोव्याच्या वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवांची निदान ऐंशी पिल्ले बाहेर आली. ज्यांनी ती वाळू मोकळी केली होती, तेच स्वयंसेवक कुत्री आणि पाखरे हाकलीत, पिल्ले पाण्याला लागेपर्यंत त्यांच्या बाजूने चालत राहिले.