उष्णताप्रेमी सूक्ष्मजीव

सुमारे ४५° से.पेक्षा अधिक तापमानात उत्तम वाढणारे जीवाणू व आर्किया. टॉमस ब्रॉक व हडसन फ्रीझ यांनी १९६९ मध्ये यलोस्टोनच्या झऱ्यांतील थर्मस ॲक्वाटिकसचे वर्णन केले. महाराष्ट्रात उनकेश्वर (नांदेड), तुरळ व राजवाडी (रत्नागिरी) येथे गरम पाण्याचे झरे आहेत (पहा : उन्हाळे). साखर कारखान्याच्या आवारात रचलेले ओले चिपाड आतून तापते. त्यात थर्मोॲक्टिनोमायसीस सॅकराय वाढतो आणि त्याचे बीजाणू श्वासावाटे गेल्यास फुप्फुसदाह होतो. या जीवांच्या प्रथिनांचा गाभा घट्ट असून त्यांत आयनी बंध अधिक असतात. अतिउष्णताप्रेमींमध्ये रिव्हर्स गायरेज हे एंझाइम डीएनएला धन पीळ देते. थर्मस ॲक्वाटिकसचे टॅक पॉलिमरेज ९५° से.ला सुमारे ४० मिनिटांनंतरही निम्मे क्रियाशील राहते. त्यामुळे पीसीआरमध्ये (पहा : पॉलिमरेज शृंखला अभिक्रिया) दर चक्राला नवे एंझाइम घालावे लागत नाही.