पितळी पुंगळी आणि वंगण

काडतूस आणि चरबी हे दोन शब्द एकत्र आले, की आपल्याकडे १८५७ चे स्मरण होते. मात्र त्या वादातील एन्फिल्ड रायफलीची काडतुसे कागदी होती. पितळी काडतुसांचे युग त्यानंतर आले आणि तेथेही वंगणाचा प्रश्न वेगळ्या रूपाने उभा राहिला. अमेरिकेत अनेक नेमबाज व शिकारी झाडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या घरीच पुन्हा भरतात. ‘रिलोडिंग’ म्हणून ओळखला जाणारा हा छंद तेथे सर्वमान्य आहे. भारतात मात्र परवान्याविना दारूगोळा तयार करणे हा शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार गुन्हा आहे.

वंगण कशासाठी?

काडतुसाच्या पितळात साधारणपणे ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त असते. गोळी सुटताना आतील वायूच्या दाबाने पुंगळी फुगते. ती पुन्हा वापरायची, तर पोलादी साच्यात दाबून मूळ मापावर आणावी लागते. कोरडी पुंगळी या साच्यात अडकून बसते. म्हणून तिला लॅनोलिन, म्हणजे मेंढीच्या लोकरीतील स्निग्ध द्रव्य, किंवा मेणयुक्त वंगण लावतात. ते अगदी पातळ असावे लागते. जास्त झाल्यास साच्यात साचून पुंगळीच्या खांद्यावर पोचे पाडते.

ते काढायचे का?

माप साधले, की वंगणाचे काम संपते. तेथून पुढे ते धोक्याचे ठरते. बार उडताना फुगलेली पुंगळी बंदुकीच्या चेंबरच्या भिंतीला क्षणभर घट्ट धरते आणि मागे येणाऱ्या रेट्याचा काही भाग ती भिंत पेलते. पुंगळी तेलकट असेल तर ही पकड सुटते आणि बोल्टवर वाजवीपेक्षा अधिक भार येतो. शिवाय वंगणावर धूळ बसते. ते आत शिरल्यास प्रायमर किंवा दारू निकामी होऊन बार फुसका जाण्याचा संभव असतो.

सफाईच्या पद्धती

मोजक्याच पुंगळ्या असल्यास आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलावलेल्या कापडाने पुसणे पुरेसे होते. हे द्रव्य ज्वालाग्राही असल्याने जवळ विस्तव नको. संख्या मोठी असल्यास अक्रोडाच्या कवचाचा किंवा मक्याच्या बुरकुंडाचा चुरा भरलेल्या थरथरत्या यंत्रात त्या घोळवतात. गरम साबणपाण्याने धुण्याचीही पद्धत आहे, परंतु त्यानंतर पुंगळ्या आतून-बाहेरून पूर्ण वाळाव्या लागतात. आपल्याकडे पितळी भांड्यांना चिंच लावतात, तसे तेथे पाण्यात थोडे सायट्रिक आम्ल घालतात. आम्लात फार काळ ठेवल्यास मात्र पितळातील जस्त झिजून पृष्ठभाग गुलाबीसर दिसू लागतो. ही सारी सफाई दारू भरण्यापूर्वीच उरकली जाते.

आणखी एक दक्षता महत्त्वाची. बहुतेक प्रायमरमध्ये शिशाची संयुगे असतात आणि झाडलेल्या पुंगळीत त्यांचा अंश उरतो. यंत्रातील चुऱ्याची धूळ त्यामुळे विषारी ठरू शकते. हे काम स्वयंपाकघरापासून दूर व खेळत्या हवेत करावे, नंतर हात साबणाने धुवावेत आणि लहान मुलांना जवळ येऊ देऊ नये, असा दंडक पाळला जातो.

अमोनिया वर्ज्य

पितळ चकचकीत करणाऱ्या काही पॉलिशमध्ये अमोनिया असतो. काडतुसांसाठी तो वर्ज्य मानतात, आणि त्यामागील धडा भारतातलाच आहे. ब्रिटिश अमदानीत पावसाळ्यात लष्करी हालचाली थंडावत, तेव्हा काडतुसे घोड्यांच्या पागांत ठेवली जात. पावसाळा सरल्यावर अनेक पुंगळ्यांना तडे गेलेले आढळत. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या संशोधकांनी १९२१ मध्ये त्याचा उलगडा केला. घोड्यांच्या मूत्रातून निघणारा अमोनिया आणि पुंगळी घडवताना पितळात उरलेला ताण, या दोहोंच्या संयोगाने धातू तडकत होता. मंद उष्णता देऊन हा ताण घालवणे, हा त्यावरील उपाय ठरला. ‘सीझन क्रॅकिंग’ या नावाने हा प्रकार आजही धातुशास्त्रात शिकवला जातो.

सफाईचा हेतू म्हणूनच केवळ चकाकी हा नसतो. वंगणाचा थर गेल्यावरच पितळावरील बारीक तडे डोळ्यांना दिसतात आणि तडा गेलेली पुंगळी पुन्हा न भरता मोडीत टाकली जाते.