फ्रेंच दरवाजा

खोलीतून थेट बागेत किंवा अंगणात उघडणारे, काचेची तावदाने बसवलेले दोन झडपांचे दार. फ्रेंच भाषेत त्याला ‘पोर्त-फनेत्र’ म्हणजे ‘दार-खिडकी’ म्हणतात. नाव चपखल आहे, कारण जमिनीपर्यंत उतरलेली खिडकीच ती. हा प्रकार सतराव्या शतकात फ्रान्समध्ये रुळला. व्हर्सायच्या आवारात झ्यूल आर्दुआँ-माँसार या वास्तुकाराने १६८७ मध्ये उभारलेला ग्राँ त्रियानाँ हा एकमजली प्रासाद त्याचे उत्तम उदाहरण : ओळीने उंच काचदारे आणि पाऊल बाहेर टाकले की बाग.

दार लावण्याची रीत पाहण्याजोगी असते. झडपेवर उभा लोखंडी गज बसवतात; मधली मूठ फिरवली की त्याची टोके चौकटीत वर-खाली अडकतात. दोन्ही झडपा उघडल्यावर मध्ये खांब उरत नाही, हीच खरी सोय.

बाहेरच्या ओट्याची फ्रेंच मांडणी साधी : फरसबंदी किंवा बारीक खडी, कातरलेली बॉक्सवुडची झुडपे, चौकोनी लाकडी पेट्यांतील संत्र्याची झाडे. पेट्या शोभेपुरत्या नव्हत्या. हिवाळ्यात झाडे ‘ऑरांजरी’ या निवाऱ्यात हलवावी लागत. पुन्हा दाराकडे वळलो, तर सरकत्या काचदाराची निम्मी वाट सहसा अडलेली राहते. फ्रेंच दाराला मात्र झडपा फिरण्याइतकी जागा मोकळी सोडावी लागते.