सह्याद्रीतील झाडे : लोककथा आणि लोकांचा हक्क

दसऱ्याला आपण एकमेकांना आपट्याचे पान देतो व त्याला सोने म्हणतो. कौत्साला गुरुदक्षिणेसाठी हव्या असलेल्या सुवर्णमुद्रांचा पाऊस आपट्यावर पडला, ही कथा बहुतेक श्रोत्यांनी लहानपणी ऐकलेली असेल. परंतु याच पानात तंबाखू भरून एके काळी विड्या वळल्या जात व पुढे टेंभुर्णीच्या पानाने त्याची जागा घेतली, हे थोड्यांनाच ठाऊक असते. आम्ही विडी कामगारांत वावरणारी माणसे. पान दिसले की ते कोणी तोडले व त्याच्या हाती काय पडले, हा प्रश्न आमच्या मनात आधी येतो. सह्याद्रीतील वनस्पतींची हकीकत आज त्याच अनुरोधाने आपणापुढे मांडावयाची आहे.

प्रथम राब घ्या. मावळात व कोकणात भाताचे रोप तयार करण्यापूर्वी शेतकरी ऐनासारख्या झाडाच्या फांद्या तोडतो, वाळवितो, वाफ्यावर शेण, पालापाचोळा व मातीसह पसरून पेटवितो. तण मरते, राखेचे खत होते. झाड मुळातून तोडावयाचे नाही, फांद्याच घ्यावयाच्या, म्हणजे ते पुन्हा फुटते. ठाण्याकडील डोंगरांत पावसाळ्याच्या आरंभी उगवलेली रानभाजी देवाला दाखविल्यावाचून खात नाहीत. देवराईतून तर वाळकी काटकीसुद्धा घरी न्यावयाची नाही, नेली तर देव कोपतो. पुण्याचे डॉ. वा. द. वर्तक व माधव गाडगीळ या शास्त्रज्ञांनी १९७०च्या दशकात या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा इतरत्र दुर्मिळ झालेल्या वनस्पती तेथे टिकून असल्याचे दिसून आले. देवाचे भय हे निमित्त. रान कोणी, केव्हा व किती वापरावे याचा तो गावाने स्वतःला घालून घेतलेला कायदा होता, असे आमचे मत आहे.

या कायद्यावर दुसरा कायदा आला तो १८७८ साली. त्या वर्षीच्या वनकायद्याने राखीव जंगले करण्याचा अधिकार सरकारच्या हाती गेला. काल जो वहिवाटीचा हक्क होता तो आज मेहेरबानी ठरला. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जंगलखात्यावर कोरडे ओढले आहेत. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत राबावरून इतका असंतोष माजला की, १८८५ साली मुंबई सरकारला चौकशी समिती नेमावी लागली.

मोहाची कथाही तशीच. फाल्गुन-चैत्रात पहाटे फुले गळतात; बायका-मुले ती वेचतात, वाळवितात. टंचाईच्या दिवसांत ती उकडून खातात, बियांचे तेल काढतात, आणि लग्नाला, देवाला, मयताला मोहाची दारू लागते. सरकारला मात्र त्या फुलात अबकारीचे उत्पन्न तेवढे दिसले. १८९२ साली मोहाच्या फुलांसाठी खास कायदा झाला आणि आपल्या दारातल्या झाडाची फुले घरात ठेवणारा माणूस गुन्हेगार ठरू लागला.

हिरड्याच्या बाबतीत निराळेच घडले. वैद्यांनी ज्याला आईची उपमा दिली, त्रिफळ्यात बेहडा व आवळा यांच्याबरोबर ज्याचे स्थान, ते फळ एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून विलायतेला जाऊ लागले. ते पोट शुद्ध करण्यासाठी नव्हे, तर कातडे कमावण्यासाठी! जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांतील महादेव कोळी कुटुंबे आजही आठी न धरलेला कोवळा बाळहिरडा गोळा करून वाळवितात. झाडावर चढतो एक आणि भाव ठरवितो दुसरा. गिरणीत काय अन् रानात काय, दुखणे एकच!

लोकांनी हे मुकाट्याने सोसले असे नाही. २५ सप्टेंबर १९३० रोजी उरण तालुक्यातील चिरनेर येथे शेतकरी व आदिवासी जंगल सत्याग्रहासाठी जमले. गोळीबार झाला, माणसे हुतात्मा झाली. त्यानंतर शहात्तर वर्षांनी, २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरील वनवासी जनतेची मालकी मान्य केली. कागदावरचा हक्क तराजूपर्यंत पोहोचविणे, हे काम मात्र संघटनेचे आहे.

रानाचे पथ्य लोकांनी पाळले, कारण उद्याही त्याच रानावर पोट भरावयाचे होते. हक्क गेला की पथ्यही सुटते. मग ठेकेदार झाड तोडतो आणि गावकरीही तोडतो. म्हणून श्रोत्यांना आमची एक विनंती आहे. सुटीत डोंगरात जाल तेव्हा तेथील म्हाताऱ्या-कोताऱ्यांकडून झाडांची नावे, औषधे, कथा अवश्य उतरवून घ्या. आणि त्याच वहीत, वेचणाऱ्याला शेराला काय मिळाले आणि बाजारात ते कितीला विकले गेले, हेही लिहून ठेवा.